‘फायनल-नवीन-२’ ते एक रिपॉझिटरी: फोंड्यातल्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरचं प्रकरण

गावच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंद, सभासदांची देवघेव आणि मुदत टळली की आठवणीचा एसएमएस, एवढ्या तीन कामांसाठी एक छोटं सॉफ्टवेअर पाच जण मिळून लिहीत होते. दोघं गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले, एक डिचोलीची, एक वास्कोचा आणि एक वाळपईच्याही पुढे सत्तरीत राहणारा. फोंड्याच्या दोघांपैकी एक अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेले सर. उरलेले चौघंही कधी ना कधी त्यांच्याच वर्गात बसलेले. सगळं काम नोकरी सांभाळून, रात्री नाहीतर रविवारी, आणि बिनपैशाचं. पायथन ही भाषा, वेब-सॉफ्टवेअरची जँगो ही चौकट आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, ही साधनं सगळ्यांच्या हातातली होती. अडलं होतं ते पाच जणांनी एकच कोड सांभाळण्यावर, आणि ते सोडवायला मदत म्हणून मला बोलावलं गेलं.

ग्रंथालयांसाठीचं कोहा हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, मग हे नवीन कशाला, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं. ज्या ग्रंथालयात प्रशिक्षित माणूस आणि बऱ्यापैकी संगणक आहे तिथं मी आजही कोहाच सुचवेन. गोव्यात सार्वजनिक ग्रंथालयाची परंपरा मोठी आहे. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची मुळं १८३२ सालापर्यंत जातात. पण इथं गाव लहान, संध्याकाळी दोन तास ग्रंथालय उघडणाऱ्या एक ताई, एक जुना संगणक, आणि नोंदवहीत मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि थोडी जुनी पोर्तुगीज पुस्तकं. ताईंना संगणकावर तीनच पडदे (स्क्रीन) हवे होते आणि ते मराठीत हवे होते. त्या मागणीचा मान ठेवून काम सुरू झालं होतं.

काय बिनसलं होतं

कोड व्हॉट्सॲपवरून फिरायचा. झिप फाईल बनवायची, गटात टाकायची, इतरांनी उतरवून घ्यायची. ‘ग्रंथालय-फायनल’, ‘फायनल-नवीन’, ‘फायनल-नवीन-२’ आणि ‘सर-बघा’ अशी नावं. पाचांपैकी कुणालाही विचारलं की खरा कोड कुठला, तर उत्तर एकच: सरांच्या लॅपटॉपवरचा.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. डिचोलीच्या मुलीने दंडाचा हिशेब दुरुस्त केला, तो ग्रंथालयात बसवला. वास्कोच्या मुलाने त्याच फायलीत एसएमएसचं काम केलं होतं, पण आधीच्या झिपवर. त्याची झिप नंतर बसली आणि दुरुस्ती पुसली गेली. ताईंचा फोन आला, “काल बरोबर दाखवत होतं, आज परत जुनाच दंड कसा काय?” त्यांनी एका सभासदाकडून जास्तीचे पैसे घेतले होते आणि ते त्याच्या घरी जाऊन परत करावे लागले. रक्कम किरकोळ होती. ताईंचा या यंत्रावरचा विश्वास मात्र उडाला, आणि त्यांनी वहीत पुन्हा हाताने नोंदी सुरू केल्या.

दुसरी गोष्ट याहून गंभीर, पण तिची चर्चा कमी झाली होती. प्रत्येक झिपमध्ये डेटाबेसची प्रत होती. त्यात सभासदांची खरी नावं, पत्ते, फोन नंबर. गटात पाच जणांखेरीज आणखी दोघं-तिघं उत्साही मंडळी होती, आणि ती प्रत त्या सगळ्यांच्या फोनमध्ये पडली होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी गावातल्या माणसाने पुस्तक वाचायला दिलेला नंबर असा फिरणं योग्य नाही. पहिल्या बैठकीत मी सर्वांत आधी हेच मांडलं आणि सगळ्यांनी त्या झिप फोनमधून काढून टाकल्या.

मग मी एक प्रश्न विचारला. उद्या सहावा माणूस आला, तर हे सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर चालू करायला त्याने काय काय करायचं? प्रत्येकाने कागदावर लिहायचं, एकमेकांत बोलायचं नाही. पाच कागद आले, पाचही वेगळे. एकावर पोस्टग्रेसऐवजी एसक्यूलाईट हा दुसराच डेटाबेस होता. दोन कागदांवर शेवटची ओळ सारखी होती: ‘अडलं तर सरांना फोन करणे.’

प्रकल्प सामायिक झाला असं कधी म्हणायचं, याचं माप आम्ही तिथंच ठरवलं. नव्या माणसाला फक्त दुवा द्यायचा. एकही फोन न करता त्याच्या यंत्रावर सॉफ्टवेअर चाललं, एक छोटी दुरुस्ती करून त्याने ती परत पाठवली, की झाला. पुढचा प्रत्येक निर्णय याच मापाने घेतला.

जागा आणि मालकी

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट वापरायचं यात वाद नव्हता. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्स कर्नलच्या कामासाठी ते लिहिलं, आणि जगभर विखुरलेल्या माणसांनी एकाच कोडवर काम करणं हाच त्याचा मूळ हेतू. सत्तरीतल्या मुलासाठी त्याचा आणखी एक गुण मोलाचा ठरला: प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट प्रत असते, त्यामुळे नेटवर्क नसतानाही कमिट करता येतं, म्हणजे बदल नोंदवून ठेवता येतो. पावसाळ्यात त्याच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. तो रात्री काम करून कमिट करून ठेवतो आणि सकाळी वाळपईला पोचला की पुश करतो, म्हणजे सामायिक जागी पाठवतो.

रिपॉझिटरी, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची सामायिक जागा, कुठे ठेवायची यावर मात्र बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर वास्कोच्या मुलाच्या वैयक्तिक खात्यात एक अर्धवट रिपॉझिटरी होतीच. तीच चालवू, असं त्याचं म्हणणं. मी ठाम विरोध केला. त्याच सुमारास त्याला बंगळूरची नोकरी मिळाली होती. माणूस कितीही चांगला असो, त्याचा फोन हरवला, खातं बंद पडलं, की गावच्या ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर त्याच्यासोबत जातं. म्हणून गिटहबवर ऑर्गनायझेशन, म्हणजे कुणा एकाचं नसलेलं सामूहिक खातं, काढली. ती फुकट असते. मालक दोन ठेवले, सर आणि डिचोलीची. एकच मालक ठेवणं धोक्याचं, पाचही मालक ठेवणं निष्काळजीपणाचं.

पुढचा पेच खासगी की सार्वजनिक हा. एप्रिल २०२० पासून गिटहबवर खासगी रिपॉझिटरीत फुकट योजनेतही हवे तितके सहकारी घेता येतात, म्हणून सुरुवातीचा कल खासगीकडे होता. पण फुकट योजनेत खासगी रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रांचला, म्हणजे सगळ्यांनी खरा मानायच्या कोडला, संरक्षण लावता येत नाही. ‘पुनरावलोकनाशिवाय मर्ज नाही’, म्हणजे दुसऱ्याने तपासल्याशिवाय बदल मुख्य कोडात मिसळायचा नाही, हा नियम यंत्राकडून पाळून घ्यायचा तर रिपॉझिटरी सार्वजनिक हवी किंवा पैसे भरायला हवेत. गिटलॅब या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर ब्रांचचं संरक्षण फुकट आहे, पण पुनरावलोकनाची सक्ती तिथंही पैसे भरूनच, शिवाय फुकट खासगी गटाला पाच सदस्यांची मर्यादा, आणि आमचं सगळं गणित सहाव्या माणसावर उभं. शेवटी सार्वजनिक ठरलं. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं; उलट बार्देशातल्या किंवा काणकोणातल्या ग्रंथालयाला ते घेता यावं अशीच सगळ्यांची इच्छा होती.

सार्वजनिक म्हटलं की परवाना आला. कोड उघड्यावर ठेवला म्हणजे तो कुणीही वापरावा असा अर्थ होत नाही. परवाना नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. सरांनी एजीपीएल आवृत्ती ३ सुचवली: कुणी हे सॉफ्टवेअर सुधारून इंटरनेटवरून सेवा म्हणून चालवलं, तर त्याने सुधारलेला कोड वापरणाऱ्यांना उपलब्ध करून द्यावा. पाचही जणांनी लेखी संमती दिली, आणि ती रिपॉझिटरीतच ठेवली.

पहिल्या कमिटच्या आधी

जुन्या झिप एकेक करून कमिट म्हणून चढवाव्यात, म्हणजे इतिहास राहील, असं फोंड्याच्या दुसऱ्या मुलाचं मत होतं. मन त्या बाजूला झुकतं हे खरं. पण त्या प्रत्येक झिपमध्ये सभासदांचा डेटा आणि सेटिंग्जच्या फायलीत एसएमएस सेवेची पासवर्डसारखी गुप्त किल्ली होती. गिटमध्ये एकदा गेलेली गोष्ट पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते. तिथून ती उपटायची तर इतिहास नव्याने लिहावा लागतो, आणि तोवर कुणी प्रत उतरवली असेल तर उपयोग शून्य. म्हणून इतिहास कोरा ठेवला. जुन्या झिप सरांकडे एका डिस्कवर, सांकेतिक कुलूप घालून.

किल्ली तर बदलावीच लागणार होती, कारण ती आधीच फोनाफोनांत फिरलेली. आधी नवी किल्ली घेतली, जुनी रद्द केली, मगच रिपॉझिटरी उघडली. हा क्रम उलटा करू नये. गुप्त गोष्टी आता प्रत्येकाच्या यंत्रावरच्या ‘.एन्व्ह’ फायलीत असतात, ती गिटइग्नोरमध्ये नोंदलेली, म्हणजे गिट तिला हात लावत नाही. रिपॉझिटरीत तिचा फक्त नमुना आहे: किल्ल्यांची नावं, त्यांच्या जागा रिकाम्या, आणि प्रत्येक नावापुढे मराठीत एक ओळ की हे कशासाठी आणि कुणाकडून मिळेल. ती एक ओळ नसती तर नमुन्याचा काही उपयोग नव्हता.

डेटाबेसच्या प्रतीऐवजी बनावट सभासद तयार करणारी एक छोटी आज्ञा लिहिली. पुस्तकांची नावं खरी ठेवली, माणसं सगळी काल्पनिक.

उरला प्रश्न मुखपृष्ठांच्या छायाचित्रांचा. कुणीतरी उत्साहाने शेकडो पुस्तकं स्कॅन केली होती आणि ती सगळी कोडच्या फोल्डरात. गिटहब १०० एमबीहून मोठी एकेक फाईल घेत नाही, पण इथं फायली लहान आणि बेरीज प्रचंड होती. गिट क्लोन, म्हणजे सबंध रिपॉझिटरी उतरवून घेणं, मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि सत्तरीच्या मुलाकडे तो हमखास तुटणार. छायाचित्रं बाहेर सर्व्हरवर गेली. मग सबंध रिपॉझिटरी त्याच्या मोबाईल डेटावर चहा होईपर्यंत उतरू लागली.

पहिल्याच दिवशी आणखी एक फाईल टाकली, गिटॲट्रिब्यूट्स. विंडोज ओळीच्या शेवटी न दिसणारी दोन चिन्हं ठेवतं, लिनक्स आणि मॅक एक. दोघांकडे विंडोज, दोघांकडे उबुंटू, एकाकडे मॅक. ही फाईल नसती तर एका शब्दाच्या बदलासाठी अख्खी फाईल बदललेली दिसली असती आणि कुणाला कुणाचं काम वाचता आलं नसतं.

‘दुसऱ्या’चा प्रश्न

इंग्रजी मार्गदर्शिका वाचून संघाचं काम मांडलं की जे सुटतं, ते इथं सापडलं.

ताई शोधात ‘दुसऱ्या’ टाकत आणि नोंदवलेलं पुस्तक मिळत नसे. कारण हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) वापरतात. काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह देऊन तोच आकार उमटवतात. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं प्रमाण एकरूपीकरण र आणि नुक्त्याची (खालच्या टिंबाची) जोडी ०९३१ मध्ये बदलतं, पण जोडचिन्हाच्या प्रकाराला हात लावत नाही. ते आपणच करावं लागतं.

गंमत म्हणजे हा दोष दोघांनी आधीच शोधून काढला होता. डिचोलीच्या मुलीने नोंद करतानाच अक्षर बदलून घेतलं होतं. फोंड्याच्या मुलाने शोधताना दोन्ही प्रकार तपासले होते. दोन वेगळ्या झिप, दोन वेगळ्या दुरुस्त्या, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. दोन्ही बाजूला ठेवून एकच फंक्शन लिहिलं, ते नोंद आणि शोध दोन्ही ठिकाणी वापरलं आणि त्याला चाचण्या जोडल्या. पोर्तुगीज शीर्षकांमधल्या चिन्हांकित स्वरांचं दुखणंही त्याच फंक्शनने निस्तरलं, कारण तीही अक्षरं दोन प्रकारे साठवता येतात.

तसंच ळ चं. युनिकोडच्या क्रमांकात ळ हा ल च्या लगेच पुढे येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. पोस्टग्रेस बहुतेक वेळा क्रमवारीसाठी यंत्राच्या भाषेच्या मांडणीवर विसंबतं, त्यामुळे लेखकांची यादी विंडोजवर एका क्रमाने आणि सर्व्हरवर दुसऱ्याच क्रमाने दिसे, आणि “माझ्याकडे बरोबर आहे” हे प्रत्येकजण खरंच सांगत असे. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची क्रमवारी वापरता येते. ती स्तंभाला स्पष्ट लावली, की सगळीकडे यादी एकच. संघाच्या कामात यंत्रागणिक बदलणारं जे जे असेल ते कोडमध्ये लिहून टाकावं, हे मला या प्रकरणात सर्वांत ठळकपणे पटलं.

भाषांतराच्या ‘.पीओ’ फायलींनी वेगळा त्रास दिला. पडद्यावरची वाक्यं मराठी आणि कोंकणीत देण्यासाठी त्या असतात, आणि जँगो त्यात प्रत्येक वाक्याशेजारी मूळ ओळीचा क्रमांक लिहितं. कुणी कुठेही एक ओळ वाढवली की शेकडो क्रमांक सरकतात आणि दोघांचं काम एकत्र करताना संघर्ष उभा राहतो. क्रमांक न लिहिण्याचा पर्याय जँगोतच आहे. तो लावला, संघर्ष थांबले. भाषांतरांतून तयार होणाऱ्या ‘.एमओ’ फायली रिपॉझिटरीत ठेवायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

भाषा कुठली वापरायची? फायलींची नावं इंग्रजीत, कारण गिट देवनागरी नावं मुळात आकड्यांच्या माळेसारखी दाखवतं. कमिटचे संदेश आणि इश्यू (गिटहबवरच्या तक्रारी-कामांच्या नोंदी) मराठीत. विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये देवनागरी तुटक दिसते, ही अडचण मान्य करून घेतलेला निर्णय आहे. ताईंनी फोनवर मराठीत सांगितलेली तक्रार इंग्रजीत उतरवताना तिचा अर्धा अर्थ जातो. ज्याला फोन येईल त्याने त्याच रात्री ताईंच्याच शब्दांत इश्यू लिहायचा, असा नियम झाला.

सरांच्या कोडवर शेरा कोण मारणार

साधनं मांडून झाली, ब्रांचला संरक्षण लागलं, आणि काम एका जागी अडलं. सरांची पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल तपासून मिसळा’ ही विनंती, आली की कुणीतरी लगेच ‘मंजूर’ म्हणून मोकळं होई. इतरांची आली की चर्चा, सरांची आली की नमस्कार.

दंडाच्या हिशेबात ग्रंथालय बंद असलेले दिवसही धरले जातात हे डिचोलीच्या मुलीला दिसलं होतं. तो कोड सरांचा. तिने पुल रिक्वेस्टवर काही लिहिलं नाही, वास्कोच्या मुलाला खासगीत विचारलं, “सरांना कसं सांगायचं रे?” त्याने मला विचारलं. मी सरांना विचारलं. इतका फेरा एका ओळीसाठी.

ज्यांच्याकडे आपण शिकलो त्यांची चूक चारचौघांत लिहायची नाही हा संस्कार वाईट नाही, आणि तो मोडा असं सांगायची माझी तयारी नव्हती. तोडगा सरांनीच काढला. पुढच्या रविवारी ते म्हणाले, “वर्गात मी तुमचे पेपर तपासले. आता माझा पेपर तुमच्याकडे आहे. सर म्हणा, तुम्ही म्हणा, पण चूक सोडू नका. सोडलीत तर दंड ताईंना भरावा लागतो.” मग मेन ब्रांच म्हणजे काय हे त्यांनीच सगळ्यांना समजावलं. जत्रेच्या नाटकात प्रत्येक नटाकडे आपापली पानं असतात, पण दिग्दर्शकाने केलेली काटछाट प्रॉम्प्टरच्या प्रतीत उतरल्याशिवाय खरी मानत नाहीत, कारण प्रयोगाच्या रात्री वाचली जाते ती तीच प्रत. तालमीत त्या प्रतीत चूक दिसली तर लहान पोरगंही सांगतं.

त्यानंतर डिचोलीच्या मुलीने लिहिलेला शेरा मी जपून ठेवला आहे: “सर, चतुर्थीच्या दिवसांत ग्रंथालय बंद असतं. मुदत त्याच दिवसांत संपली तर दंड कधीपासून धरायचा? आत्ता पहिल्या दिवसापासून धरला जातोय.” आदर पुरता, मुद्दा पुरता. सरांनी तासाभरात बदल केला आणि खाली लिहिलं, “बरोबर. चाचणीही जोडली आहे.”

याच्या जोडीला एक यांत्रिक उपायही केला. मोकळ्या जागा, अवतरणचिन्हं, ओळींची लांबी असल्या गोष्टींवर माणसाने माणसाला काही म्हणायचंच नाही. ते काम रफ नावाचं साधन करतं, आणि पुल रिक्वेस्ट आली की गिटहबवर आपोआप चालतं. सार्वजनिक रिपॉझिटरीला त्याचे पैसे पडत नाहीत. किरकोळ टोचणी यंत्राकडे गेली की माणसांमध्ये मुद्द्याचंच बोलणं उरतं. वयाचा आणि मानाचा फरक असलेल्या संघात याची किंमत फार मोठी आहे.

‘कसं सहभागी व्हावं’ या फायलीतले नियम आखूड ठेवले. स्वतःचं काम स्वतः मर्ज करायचं नाही. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गोष्ट. दोन दिवसांत कुणी पाहिलं नाही तर गटात आठवण करावी, राग मानू नये. डेटाबेसची रचना बदलायची असेल तर आधी इश्यूवर सांगावं. हा शेवटचा नियम अनुभवातून आला: दोघांनी एकाच वेळी सातव्या क्रमांकाचं मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाईल) बनवलं, गिटला त्यात संघर्ष दिसला नाही कारण फायलींची नावं वेगळी होती, पण जँगो चालेना. अशा वेळी दोन्ही जोडणारं मायग्रेशन बनवायची आज्ञा जँगोत आहे. तरी आधी बोलणं स्वस्त. आणि एक नियम खास आपल्याकडचा: चतुर्थीच्या आदल्या आठवड्यापासून सर्व्हरवर नवीन काही चढवायचं नाही. त्या दिवसांत गोव्यात कुणी घरचा गणपती सोडून लॅपटॉप उघडणार नाही, आणि उघडायला लावूही नये.

सहावा माणूस

मग माप लावायची वेळ आली. फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मदत करायला तयार होती. तिला दुवा पाठवला, आणि पाचही जणांना सांगितलं की तिचा फोन उचलायचा नाही. तिलाही तसं आधीच सांगितलं होतं: अडशील तिथं थांब, आणि कुठे अडलीस ते लिही.

ती चार ठिकाणी अडली. दुरुस्ती पाठवताना पासवर्ड बरोबर असून गिट तो नाकारत होतं. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कोड पाठवण्यासाठी खात्याचा पासवर्ड घेत नाही. एसएसएच किल्ली किंवा टोकन लागतं. आम्हा सगळ्यांच्या किल्ल्या कधीच्या तयार, त्यामुळे रीडमीत, म्हणजे नव्या माणसाने आधी वाचायच्या सूचनांच्या फायलीत, ते लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्याआधी, विंडोजवर भाषांतरांसाठीचं गेटटेक्स्ट हे साधन वेगळं बसवावं लागतं तिथं ती अडली. मग रीडमीत ‘मग सर्व्हर चालू करा’ एवढंच होतं; कसा, ते नाही. आणि पान उघडलं ते रिकामं; बनावट सभासदांची आज्ञा होती, पण ती चालवा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. कसा, ते नाही.

सगळं डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर त्याच्या सगळ्या साधनांसकट चालवणाऱ्या डब्यात, भरलं असतं तर यातलं बरंच टळलं असतं, हे वास्कोच्या मुलाने बोलून दाखवलं आणि त्यात तथ्य आहे. पण तिच्या लॅपटॉपला ४ जीबी मेमरी. डॉकर, ब्राउझर आणि एडिटर एकत्र चालवले की ते यंत्र हलत नाही, आणि आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांकडे तसंच यंत्र असतं. आम्ही पोस्टग्रेस थेट बसवण्याच्या सूचनाच नीट केल्या.

तिने अडल्याची प्रत्येक जागा इश्यू म्हणून लिहिली. पाचांपैकी एकजण लगेच रीडमी दुरुस्त करायला बसला, तेव्हा मी त्याला थांबवलं. ते काम तिचंच. जिला नुकतं अडलं आहे तिलाच ठाऊक असतं की कुठला शब्द हवा होता. तिची पहिली पुल रिक्वेस्ट रीडमीची झाली, ती सत्तरीच्या मुलाने तपासली, एक वाक्य बदलायला सुचवलं, आणि मर्ज झाली. नंतर वाळपईच्या एका शिक्षकाने तीच रीडमी घेऊन, कुणालाही न विचारता, प्रकल्प आपल्या यंत्रावर चालवला. तेव्हा आम्ही सामायिक झालं असं मानलं.

आज काय स्थिती

ताईंनी हातातली वही मिटली ती लगेच नाही. दुरुस्ती एकदा बसली की ती पुन्हा नाहीशी होत नाही, हे त्यांनी बरेच आठवडे ताडून पाहिलं. ते योग्यच होतं. आता सर्व्हरवर काय चाललं आहे ते पडद्याच्या तळाशी आवृत्तीच्या क्रमांकाने दिसतं, आणि ताई फोन करताना आधी तो क्रमांक सांगतात.

वास्कोचा मुलगा बंगळूरला गेला. तो अजून अधूनमधून काम पाठवतो. त्याच्या जाण्याने काही अडलं नाही, फक्त एक गोष्ट उशिरा लक्षात आली: डोमेनचं नाव त्याच्या वैयक्तिक कार्डावर घेतलेलं होतं. कोडची मालकी ठरवताना आम्ही नीट विचार केला, पण डोमेन, सर्व्हरचं बिल आणि एसएमएसचं खातं या तिन्हींची यादी तेव्हाच करायला हवी होती. एसएमएसचं खातं आता ग्रंथालयाच्या समितीच्या नावावर आहे, सर्व्हरही. डोमेन पुढच्या नूतनीकरणाला बदलेल. ही यादी रिपॉझिटरीत आहे, पासवर्डशिवाय, फक्त कुठलं खातं कुणाच्या ताब्यात एवढी.

इश्यूंच्या यादीत सर्वांत वर सध्या जुन्या नोंदवहीचं काम आहे. काही वर्षांपूर्वी कुणीतरी ती वही संगणकावर उतरवली होती, पण युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे फाँट काढला की मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं. ती बदलणारं कोष्टक निम्मं तयार झालं आहे; जोडाक्षरं आणि रफार राहिले आहेत. फर्मागुढीच्या मुलीने ते स्वतःच्या नावावर घेतलं आहे, आणि सरांनी चाचण्यांसाठी वहीची पन्नास पानं हाताने टंकून दिली आहेत.